बेस गिटारची मान

बेस गिटार तुम्ही वाद्यवृंदात पाहिली असेल. चार जाड तारा आणि खर्जातला आवाज! तिची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ वेळाच कंप पावते. अमेरिकेत लिओ फेंडर यांनी १९५१ साली ‘प्रिसिजन बेस’ बाजारात आणली. तिच्या तारेचे ३४ इंचांचे माप आजही बहुतेक बेसना असते.

हौशी वादक या गिटारी आपसांत विकतात, बदलतात. समजा, अशी एक जुनी बेस तुमच्यापुढे आली. रंगावर भुलू नका. आधी मान पाहा. चार तारा मिळून तिला सुमारे ८० किलोग्रॅम वजनाइतक्या जोराने ओढत असतात, तेही रात्रंदिवस! म्हणून लाकडाच्या पोटात पोलादी सळई घातलेली असते. सळईचा नट आवळला की मान मागे सरते, सैल केला की पुढे झुकते.

आता तार पहिल्या आणि शेवटच्या पडद्यावर एकदम दाबा. मध्ये पोस्टकार्ड जेमतेम सरकेल एवढी फट हवी. फट जास्त दिसली, तर विकणाऱ्याला विचारून नट पाव फेरा आवळून पाहा. नट आधीच पुरता आवळलेला असेल, तर सौदा सोडलेला बरा.

आवाज बोदा येतो म्हणून मात्र गिटार नाकारू नका. तारेच्या वेटोळ्यांत घाम नि मळ साचला, की बारीक, झणझणीत कंपने दबतात. काही वादक अशा तारा चक्क पाण्यात उकळतात आणि नीट वाळवून पुन्हा चढवतात. थोडे दिवस त्या नव्यासारख्या वाजतात.