‘बरं-वाईट’ म्हणजे काय, ते नीट विचारा

कॉलेजच्या कट्ट्यावर कुणाचं तरी नाव निघतं आणि आवाज आपोआप खाली येतो. ‘जिवाचं बरं-वाईट करून घेतलं म्हणे!’ दुसरा म्हणतो, ‘एवढं काय झालं होतं?’ तिसरा निकाल देतो, ‘भित्राच होता.’ चहा संपतो, विषयही संपतो. शहादा, नवापूर, धडगावचं होस्टेल, कुठंही हे तुमच्या कानावर पडलेलं असेल.

पण तिथं चौथाही बसलेला असतो. गप्प. त्याच्याच डोक्यात तसले विचार चालू असतील, तर त्याला एवढंच कळतं की इथं तोंड उघडायचं नाही. गेलेल्याबद्दल आपण काय बोलतो, ते जिवंत माणूस ऐकत असतो.

कायदाही अनेक वर्षं असाच निष्ठुर होता. वाचलेल्या माणसाला कलम ३०९ खाली एक वर्षापर्यंत कैद! अपघातानंतर मानसिक आजार जडलेल्या मुंबईतल्या एका पोलीस शिपायाच्या खटल्यात न्या. पी. बी. सावंत आणि न्या. कोळसे-पाटील यांनी १९८६ साली हे कलम रद्द ठरवलं. १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टानं ते पुन्हा वैध ठरवलं. अखेर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं सांगितलं, असा माणूस तीव्र ताणाखाली आहे असंच धरा, त्याला शिक्षा नको, उपचार द्या. कायदा बदलला, कट्टा कधी बदलणार?

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये महाराष्ट्रात २२,७४६ जणांनी आत्महत्या केली. त्यात १,७६४ विद्यार्थी होते.

‘विचारलं तर नसलेला विचार डोक्यात येईल’ ही भीती खोटी आहे, संशोधनात हे वारंवार दिसलंय. उलट विचारल्यावर बऱ्याचदा माणूस मोकळा होतो. म्हणून आडून नको. अहिराणी, पावरी, भिली, त्याची जी भाषा असेल तीत सरळ विचारा, ‘जीव द्यावासा वाटतोय का?’ हो म्हणाला तर भाषण देऊ नका, ‘आईबापाचा विचार कर’ तर नकोच. त्याला आधीच ओझं झालेलं असतं. ‘कुणाला सांगणार नाही’ अशी शपथही घेऊ नका. रेक्टर, सर, घरचं मोठं माणूस, कुणाला तरी सोबत घ्या. धोका आत्ताच वाटत असेल तर एकटं न सोडता थेट दवाखाना गाठा.

टेली-मानसचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, २४ तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. डोंगरात रेंज नसेल तर रेंजच्या जागेपर्यंत त्याच्यासोबत चालत जा, नंबर लावून द्या आणि बोलणं होईपर्यंत तिथंच थांबा.