भालजींची माणसं
समर्थ रामदासांचे जांब आमच्या जालना जिल्ह्यात, घनसावंगी तालुक्यात. ‘मराठा तितुका मेळवावा’ हे समर्थवचन भालजी पेंढारकरांनी १९६४ मध्ये चित्रपटाचे नावच करून टाकले. कोल्हापूरच्या या दिग्दर्शकाशी आमचा धागा एवढाच, पण पक्का.

जन्म १८९८चा. मूकपटांपासून सुरुवात. ‘वंदे मातरम् आश्रम’वर इंग्रजी सेन्सॉरने कात्री चालवली. १९३२चा ‘श्यामसुंदर’ मुंबईत पंचवीस आठवडे चालला. मग ‘नेताजी पालकर’, ‘थोरातांची कमळा’, ‘बहिर्जी नाईक’. नावे पाहा: सिंहासनापेक्षा त्याच्या भोवतालची माणसे त्यांना जास्त खुणावत. थेट ‘छत्रपती शिवाजी’ आला तो १९५२मध्ये. तिकडे अमेरिकेत जॉन फोर्डही ठरलेले नट घेऊन त्याच त्या मुलखात आपल्या देशाचा इतिहास रंगवत होता. पण त्याच्या पाठीशी हॉलिवूड होते.

भालजी कट्टर हिंदुत्वनिष्ठ, आणि ते त्यांनी कधी लपवले नाही. गांधीहत्येनंतर उसळलेल्या जाळपोळीत १९४८ मध्ये त्यांचा जयप्रभा स्टुडिओ पेटला. ‘मीठ भाकर’ त्यात गेला. पन्नाशीला टेकलेल्या माणसाने तो पुन्हा पहिल्यापासून चित्रित केला आणि १९४९ मध्ये पडद्यावर आणला. त्यांच्या शिवपटांतल्या सगळ्या लढायांपेक्षा मला ही मोठी वाटते.

माणसे हेरण्यात तर हातखंडा. सुलोचनाबाई त्यांच्याच तालमीतल्या; दादा कोंडके पडद्यावर आले ते ‘तांबडी माती’तून, १९६९ मध्ये. लता मंगेशकरांनी ‘आनंदघन’ या नावाने त्यांच्या चित्रपटांना संगीत दिले.

माझी पसंती मात्र ‘साधी माणसं’ला (१९६५). ना तलवार, ना दरबार. एक लोहार, त्याची बायको, ऐरण आणि शहराची भूल. आज सळईच्या कारखान्यांवर पोट असलेल्या जालन्यात तो पाहिला, तर भट्टीपुढचा घाम कुणाला समजावून सांगावा लागत नाही. सूर्यकांत आणि जयश्री गडकर यांचा संसार खरा वाटतो, कारण भालजी तिथे भाषण करत नाहीत. ऐतिहासिक पटांत ते पुष्कळदा करतात. आत्मचरित्राचे नावही त्यांनी ‘साधा माणूस’ ठेवले.

‘गनिमी कावा’ (१९८१) उशिराचा, जुना जोर त्यात उरला नव्हता. १९९१ सालचा फाळके पुरस्कार मिळाला तेव्हा त्यांची नव्वदी उलटून गेली होती. १९९४ मध्ये ते गेले.