आधी पाण्याला विचारा

ज्याच्या हातून रंग ओतला गेला, त्याने झऱ्याकडे फिरकायचं नाही. अमेरिकेतल्या केंटकी राज्याच्या दक्षिण भागात, एका जागी ओतलेला रंग कोणत्या झऱ्यात निघतो यावरून चुनखडकातल्या पाण्याचा माग काढणारी पथकं हा नियम फार कडकपणे पाळतात. त्यांच्यासोबत फिरताना मलाही तो पहिल्याच सकाळी बजावून सांगितला गेला. हा रंग म्हणजे फ्लुओरेसीन. ही तांबूस पूड पाण्यात पडली की हिरवीगार होते. प्रयोगशाळेतलं यंत्र पाण्याच्या अब्ज भागांतला तिचा एक भागही टिपतं, म्हणजे बाहीवर राहिलेला कणसुद्धा सगळी चाचणी बिघडवू शकतो. म्हणून माणसं वेगळी, गाड्या वेगळ्या आणि प्रत्येक झऱ्यापाशी नवे हातमोजे.

खरं काम मात्र रंग ओतण्याच्या बरंच आधी सुरू होतं. खिडकीला लावतात तसल्या जाळीची तळहाताएवढी पुडी शिवायची, तिच्यात नारळाच्या करवंटीचा कोळसा भरायचा आणि सिमेंटच्या गोळ्यात रोवलेल्या तारेला बांधून ती झऱ्यात सोडायची. त्या गोळ्याला तिथले लोक ‘गमड्रॉप’ म्हणतात. पाण्यातून येणारा रंग कोळसा धरून ठेवतो, त्यामुळे झऱ्यावर रात्रंदिवस माणूस बसवावा लागत नाही. पुड्यांची पहिली खेप रंग टाकण्यापूर्वीच लावून, काढून तपासतात. मोटारीच्या कूलंटमध्ये पुष्कळदा हाच फ्लुओरेसीन असतो आणि रस्त्यावर सांडलेलं कूलंट झऱ्यात आधीच पोचलेलं असू शकतं. कपडे धुण्याच्या पावडरीतली चकाकी देणारी द्रव्यंही यंत्राला दिसतात. ती सापडली, तर वर कुठेतरी घरांचं सांडपाणी थेट भूजलात उतरतं आहे असा संशय घ्यायला जागा होते. रंगाचा थेंबही न टाकता मिळणारी ही माहिती मला अतिशय मोलाची वाटते.

मग ओढ्याच्या काठी गेलो. चांगला खळाळता ओढा एका कुरणाच्या टोकाला कातळाच्या कपारीत शिरत होता आणि पलीकडे नुसतं कोरडं गवत. डबा रिकामा झाला, पाणी पोपटी हिरवं झालं आणि थोड्याच वेळात कपारीपाशी पुन्हा पहिल्यासारखं स्वच्छ. पुढचे काही दिवस दुसऱ्या गटाने झऱ्याझऱ्यावर जाऊन पुड्या बदलल्या. प्रयोगशाळेत कोळशावर अल्कोहोल आणि अल्कलीचं द्रावण ओततात, तेव्हा धरलेला रंग सुटतो. सगळ्यांत जवळच्या झऱ्याची पुडी कोरी निघाली. रंग उतरला होता टेकडीपलीकडच्या खोऱ्यातल्या झऱ्यात.

नकाशावरचा पाणलोट इथे पाण्याला बांधून ठेवत नाही. जर्मनीत १८७७ साली डॅन्यूब नदी जिथे तळात मुरते, तिथे १० किलो फ्लुओरेसीन टाकलं होतं. सुमारे ६० तासांनी ते १२ किलोमीटरवरच्या आख झऱ्यात दिसलं. आखचं पाणी ऱ्हाइनला मिळतं. काळ्या समुद्राकडे निघालेल्या नदीचं पाणी जमिनीखालून उत्तर समुद्राच्या वाटेला लागत होतं.

आपण काळ्या पाषाणात वाढलेली माणसं. विहीर खणताना आधी मुरूम, मग कातळ आणि त्याच्या भेगांतून झिरपणारं पाणी, ही आपली भूजलाची समज. चुनखडकात पाणी खडक विरघळवतच पुढे सरकतं. पावसाचं पाणी मातीतून उतरताना कार्बन डायऑक्साइड घेतं, सौम्य आम्ल होतं आणि हजारो वर्षांत केसाएवढ्या फटीची गुहा करतं. याच भागातल्या मॅमथ केव्हचे मोजलेले मार्ग ६८० किलोमीटरहून जास्त भरतात. अशा वाटांतून पाणी नदीसारखं धावतं. वाळूतून झिरपणाऱ्या पाण्याचं गणित त्याला लागू पडत नाही, आणि वाटेत माती-वाळूची गाळणीही नसते. बोअर घ्यावा तर तो अखंड खडकात जातो, आणि चार पावलांवर पोकळी असते. पाया घालणाऱ्या अभियंत्याची सगळी अडचण या चार पावलांत आहे.

केंटकीतलं बोलिंग ग्रीन हे शहर असल्याच जमिनीवर उभं आहे. तिथे पावसाचं पुष्कळसं पाणी सिंकहोलमध्ये, म्हणजे जमीन खचून झालेल्या खळग्यांत, आणि मुद्दाम खणलेल्या विहिरींत सोडतात. तिथून ते शहराखालच्या गुहांत जातं. १९८०च्या दशकात गळालेल्या इंधन-रसायनांची वाफ याच गुहांतून वर येऊन घरांत शिरली होती. १२ फेब्रुवारी २०१४च्या पहाटे तिथल्या कॉर्व्हेट मोटारींच्या संग्रहालयाची जमीन खचली आणि आठ मोटारी खड्ड्यात गेल्या. आत कोणी नव्हतं म्हणून जीव वाचले.

याहून मोठा धडा याच राज्यातल्या कंबरलँड नदीवरच्या वुल्फ क्रीक धरणाचा. बांधकाम १९४१मध्ये सुरू झालं, तेव्हाच पायाच्या चुनखडकात गुहा दिसल्या होत्या. काही भरल्या, काही मातीने बुजलेल्या तशाच राहिल्या. जलाशय भरल्यावर पाण्याच्या दाबाने ती माती हळूहळू वाहून जाऊ लागली. १९६८मध्ये धरणाच्या पायथ्याशी जमीन खचली, खाली गढूळ पाणी दिसलं. पाणी गढूळ येणं म्हणजे आतली माती चालली. ग्राउटिंग केलं, म्हणजे पोकळ्यांत सिमेंटचं मिश्रण दाबून भरलं; १९७०च्या दशकात मातीच्या बांधात काँक्रीटची भिंत उतरवली. पाण्याने तिच्या कडेने आणि खालून वाट काढली. २००७मध्ये जलाशयाची पातळी खाली आणावी लागली. २०१३मध्ये नवी, सुमारे ८४ मीटर खोल भिंत पुरी झाली, तेव्हा दुरुस्तीचा खर्च ५९ कोटी डॉलरच्या वर गेला होता. गुहा दिसल्या असताना पाणी त्यांतून पुढे कुठवर जाईल, हे आधी तपासायला हवं होतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

आपल्या देशात मेघालयाच्या जैंतिया टेकड्यांत असाच चुनखडक आहे. क्रेम लियाट प्राहसारखी ३० किलोमीटरहून लांब गुहा तिथे आहे आणि सिमेंटसाठीच्या चुनखडीच्या खाणीही तिथेच आहेत. महाराष्ट्रात स्थापत्य किंवा भूशास्त्र शिकून उद्या कोणी अशा मुलुखात कामाला गेलं, तर माझी एकच विनंती आहे: आराखड्यावर सही करण्यापूर्वी एक चाचणी कोरड्या दिवसांत आणि एक ऐन पावसाळ्यात करून घ्या. पाणी चढलं की गुहांतल्या वरच्या वाटा सुरू होतात, आणि उन्हाळ्यातल्या एकाच चाचणीत त्या दिसत नाहीत.