निर्णयाची घटका

दरवर्षीं शालान्त परीक्षेचा निकाल लागला कीं आठपंधरा दिवस शिक्षकांच्या खोलीबाहेर पालकांची रीघ लागते. कोणास आपला मुलगा विज्ञानशाखेस घालावयाचा असतो, पण मुलाचें चित्त चित्रकलेंत गुंतलेलें असतें. कोणाच्या मुलीला पुढें शिकावयाची इच्छा असते, पण घरीं आजारी आई व दोन लहान भावंडें असतात. "सर, आपणच काय तें सांगा," असें म्हणून हे लोक आमच्या तोंडाकडे पाहतात. खरें सांगावयाचें तर अशा वेळीं शिक्षकाजवळहि तयार उत्तर नसतें. ख्रिस्ती घरांतील एखादा मुलगा हळूच म्हणतो, "आम्हीं पुष्कळ प्रार्थना केली, पण देव कांहींच बोलत नाहीं." ही तक्रार मीं इतक्या वेळां ऐकली आहे कीं तिजविषयीं दोन शब्द लिहावे असें फार दिवस मनांत होतें. देवानें आकाशवाणी करून शाखा, नोकरी अथवा गांव यांचें नांव सांगावें, अशी जर आपली अपेक्षा असेल तर बहुधा निराशाच पदरीं येईल. मग श्रद्धेचा उपयोग तो काय? या प्रश्नाचा ज्या पुरुषानें स्वतःच्या अनुभवावरून कसून विचार केला, त्याची हकीकत आधीं सांगतों.

संत इग्नेशियस याचा जन्म 1491 सालीं स्पेन देशाच्या उत्तरेस लोयोला येथील एका सरदारघराण्यांत झाला. तरुणपणीं त्यास तलवार, पोषाख व नांवलौकिक यांची मोठी हौस होती. 20 मे 1521 रोजीं पांप्लोना येथील किल्ला लढवितांना तोफेचा गोळा लागून त्याचा उजवा पाय मोडला. पाय जोडला गेला, पण गुडघ्याखालीं हाड वर आलेलें राहिलें. घट्ट बूट घातले असतां तें दिसेल, एवढ्याच कारणास्तव त्यानें तें हाड करवतीनें कापून घेतलें! त्या काळीं भूल देण्याचें औषध नव्हतें, हें वाचकांनीं ध्यानांत घ्यावें. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यानें शूर सरदारांच्या अद्भुत कथा वाचावयास मागितल्या. त्या घरांत नव्हत्या. मिळालीं तीं दोन पुस्तकें, एक ख्रिस्तचरित्र व दुसरें संतांच्या चरित्रांचें.

येथें त्याच्या ध्यानांत एक साधी गोष्ट आली. एका थोर स्त्रीची मर्जी संपादन करण्याकरितां आपण कोणते पराक्रम करूं, याचीं स्वप्नें तो तासन्‌तास रंगवी; तेवढा वेळ फार गोड वाटे, पण मागाहून मन कोरडें व उदास होई. उलट, संत फ्रान्सिसाप्रमाणें आपणहि अनवाणी यरुशलेमेस जावें, असे विचार आले म्हणजे ते विचार चालू असतांना तर आनंद वाटेच, पण ते गेल्यावरहि मन प्रसन्न राही. पुढें त्यानें जी निर्णयपद्धति लिहिली तिचें बीज एवढेंच. एखादा बेत मनांत आला असतां त्या क्षणीं काय वाटतें यापेक्षां, तो बेत मनांत मुरल्यावर काय उरतें, तें पाहावें.

मात्र हें ज्ञान त्यास एकदम पचलें असें कोणी समजूं नये. बरा होऊन तो 1522 त मोंसेरात येथील मठाकडे निघाला असतां वाटेंत एका मूर वाटसरूशीं त्याची गांठ पडली. पवित्र मरियेविषयीं दोघांचा वाद झाला आणि तो वाटसरू पुढें निघून गेला. मागाहून इग्नेशियसास राग आला. त्यास गांठून कट्यारीचे वार करावे कीं काय, याचा निर्णय होईना. तेव्हां त्यानें आपल्या खेचराचा लगामच सैल सोडला! खेचर गांवाच्या वाटेनें गेलें तर त्या माणसास गांठावयाचें, राजमार्गानें गेलें तर सोडून द्यावयाचें. गांवची वाट रुंद व चांगली असून खेचर राजमार्गानें गेलें. ही फजिती त्यानें वृद्धपणीं स्वतःच सांगितली, हा त्याचा मोठेपणा. चिठ्ठ्या टाकून किंवा शास्त्राचें पुस्तक डोळे मिटून उघडून त्यांत देवाची आज्ञा शोधणारे आपल्यांतहि आहेत. ती खेचराचीच युक्ति होय, असें मला वाटतें.

पुढें मान्रेसा या गांवीं तो सुमारें वर्षभर राहिला आणि तेथील अनुभवांतून त्याचें 'आध्यात्मिक साधना' हें लहानसें पुस्तक सिद्ध होऊं लागलें. त्यास पोपांची मान्यता 1548 त मिळाली. त्यांत निवड कशी करावी याचें एक प्रकरण आहे. ज्या गोष्टी मुळांतच वाईट आहेत त्यांविषयीं निवडीचा प्रश्नच येत नाहीं, असें तो आरंभींच बजावितो. परीक्षेंत नक्कल करावी कीं न करावी, हा प्रार्थनापूर्वक सोडविण्याचा प्रश्न नव्हे! दोन्ही वाटा चांगल्या असतां कोणती धरावी, हीच खरी अडचण.

त्याचें दुसरें म्हणणें अधिक झोंबणारें आहे. पुष्कळ लोक आधीं एखादें पद किंवा विवाह पक्का ठरवितात, आणि मग "याच स्थितींत देवाची सेवा करूं" असें म्हणतात. साध्य काय व साधन काय याची त्यांनीं अदलाबदल केलेली असते. आपल्याकडे डॉक्टर होण्याचें आधीं ठरतें आणि रोग्यांची सेवा मागाहून निबंधांत येते. म्हणून निवडीपूर्वीं मन तराजूच्या कांट्याप्रमाणें मध्यावर आणावें, कोणत्याहि बाजूस कललेलें नसावें, असें तो सांगतो. हें फार कठीण आहे. आईबापांस तर मुलांहूनहि कठीण आहे, असें मी नम्रपणें नमूद करतों.

कधीं कधीं मनांत संशयाला जागाच राहत नाहीं, जसें जकातनाक्यावरून उठून गेलेल्या मत्तयाचें झालें. असे प्रसंग विरळा. एरवीं मनाच्या प्रसन्नतेचा व उदासीचा माग काढावा. आणि मन अगदीं शांत असेल तर बुद्धीनें तोलावें. त्यासाठीं त्यानें चार रकाने सुचविले आहेत: ही गोष्ट पत्करल्यास लाभ काय व धोका काय, न पत्करल्यास लाभ काय व धोका काय. दोनच रकाने कां पुरत नाहींत? कारण "कांहीं न करणें" हाहि एक निर्णयच असून त्याची किंमत आपण सहसा मांडीत नाहीं. शेवटीं, एखादा अनोळखी मनुष्य हाच प्रश्न घेऊन आला तर आपण त्यास काय सांगूं, आणि मृत्युशय्येवर असतांना आपण काय केलेलें असावें असें वाटेल, हें मनाशीं पाहावें. ठरलेली गोष्ट प्रार्थनेंत देवापुढें ठेवावी.

यांपैकीं एक नियम मीं स्वतः मोडला होता. उदासीच्या काळीं पूर्वीं केलेला निश्चय बदलूं नये, असा तो नियम. माझे वडील वारले त्या वर्षीं मला शिकविण्याचा अगदीं वीट आला. गांवीं जाऊन शेती करीन म्हणून मीं राजीनामा लिहून दिला. आमच्या वृद्ध मुख्याध्यापकांनीं तो वाचला, टेबलाच्या खणांत टाकला, व म्हणाले, "हा महिनाभर येथें राहूं द्या. नंतर मागाल तर पुढें पाठवीन." महिन्यानंतर मीं तो परत मागितला, पण फाडून टाकण्यासाठीं. पुढें शेती करूं नये असें त्यांनीं मुळींच म्हटलें नव्हतें.

निर्णय एकट्याचा असला तरी त्याचा भार एकट्यावर पडत नाहीं. कविवर्य नारायण वामन टिळक यांनीं 10 फेब्रुवारी 1895 रोजीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला. त्यांची निष्ठा निर्मळ होती याविषयीं मला शंका नाहीं. परंतु लक्ष्मीबाईंवर त्यामुळें काय कोसळलें, तें त्यांच्या 'स्मृतिचित्रें' या ग्रंथांत ज्यानें वाचलें असेल तो विसरणार नाहीं. कित्येक वर्षें पतिपत्नींची ताटातूट झाली. पुढें त्या पतीकडे आल्या, तरी आपलें सोवळें त्यांनीं लगेच सोडलें नाहीं, व टिळकांनींहि सक्ति केली नाहीं. जातिभेद हा मनुष्यानें केलेला आहे असें त्यांचें त्यांसच उमगलें, आणि 1900 सालीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. या दोन निर्णयांत मला लक्ष्मीबाईंचा अधिक मोठा वाटतो. त्यांस वाट दाखविणारें कोणी मागें लागलें नव्हतें, आणि त्यांनीं घाईहि केली नाहीं.

तथापि दर वेळीं महिनाभर विचार करण्यास सवड मिळतेच असें नाहीं. 1540 त पोर्तुगालच्या राजाच्या विनंतीवरून दोन धर्मगुरु हिंदुस्थानास पाठवावयाचे ठरले. त्यांपैकीं बोबादिया हे ऐनवेळीं आजारी पडले. इग्नेशियसानें आपला जिवलग मित्र फ्रान्सिस झेवियर यास बोलावून जाशील का म्हणून विचारलें. झेवियर लागलाच तयार झाला, आणि दुसऱ्या दिवशीं रोमहून निघालाहि. वरवर पाहतां हा क्षणाचा निर्णय. पण पॅरिस येथें दोघे एका खोलींत राहत असल्यापासून, 1534 त मोंमार्त्र टेकडीवर त्यांनीं सोबत्यांसह व्रत घेतलें तेव्हांपासून, झेवियरचें मन त्या कांट्यावर स्थिर झालें होतें.

6 मे 1542 रोजीं तो गोव्यास उतरला. दोघां मित्रांची पुन्हा भेट झाली नाहीं. जून 1553 त इग्नेशियसानें त्यास युरोपांत परत बोलाविण्याचें पत्र लिहिलें. परंतु चीनच्या किनाऱ्याजवळील एका बेटावर झेवियर वारला त्यास तेव्हां सहा महिने होऊन गेले होते, आणि ती वार्ता रोमपर्यंत पोंचली नव्हती.