हवामान बदल आणि सैन्यदले : गैरसमज आणि वस्तुस्थिती

पूर आला की नारिंगी गणवेशातले जवान बोटी घेऊन पोहोचतात आणि ‘लष्कर आले’ असे सर्रास म्हटले जाते. बहुतेक वेळा हे जवान राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे (एनडीआरएफ) असतात. २००५च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यान्वये उभे राहिलेले हे दल गृह मंत्रालयाच्या अखत्यारीत आहे आणि त्यातले मनुष्यबळ सीमा सुरक्षा दल, केंद्रीय राखीव पोलीस दल अशा दलांतून येते. लष्कर सर्वसाधारणपणे मुलकी प्रशासनाने मागणी केल्यावरच उतरते. मात्र काही कामे सैन्यदलांवाचून होत नाहीत. मे २०२१मध्ये तौक्ते चक्रीवादळात मुंबईजवळच्या समुद्रात ‘पी-३०५’ हा तराफा बुडाला, तेव्हा खवळलेल्या पाण्यातून १८०हून अधिक माणसे वाचवली ती प्रामुख्याने नौदलाने.

सैन्य फक्त मदत करणारे, त्याला स्वतःला झळ बसत नाही, हेही खरे नाही. ऑक्टोबर २०२३मध्ये सिक्कीममधले दक्षिण ल्होनक हे हिमसरोवर फुटले आणि तिस्ता नदीच्या लोंढ्यात लष्कराचे २०हून अधिक जवान वाहून गेले. हिमनद्या वितळून अशी सरोवरे फुगत आहेत, आणि त्यांच्याच खालच्या खोऱ्यांत सैन्याचे तळ व रस्ते आहेत.

सैन्याचे वृक्षारोपण म्हणजे एका दिवसाचा समारंभ, हा समज प्रादेशिक सेनेच्या पर्यावरण बटालियनांवर अन्याय करणारा आहे. पहिली बटालियन १९८२मध्ये गढवाल रायफल्सशी जोडून उभी राहिली. तिच्या वाट्याला आले ते चुनखडीच्या खाणींनी ओरबाडलेले मसुरीचे डोंगर. माती धुऊन गेलेल्या उतारावर आधी दगडी बांध घालून पाणी अडवायचे, मग खड्डे घेऊन रोपे लावायची आणि ती जगेपर्यंत गुराढोरांपासून राखायची, असे हे वर्षानुवर्षांचे काम. ते करणारे बहुतांशी माजी सैनिक असतात. दुसऱ्या बटालियनने राजस्थानात इंदिरा गांधी कालव्याच्या परिसरातली वाळू रोखण्याचे काम हाती घेतले. मराठवाड्यात महार रेजिमेंटशी संलग्न बटालियन आहे.

सर्वांत कमी चर्चा होते ती सैन्यांच्या स्वतःच्या उत्सर्जनाची. पॅरिस कराराने सैन्यांना सूट दिली, असे म्हणतात. प्रत्यक्षात सूट होती ती १९९७च्या क्योटो कराराच्या व्यवस्थेत, आणि तीही परदेशातील बहुराष्ट्रीय मोहिमा व आंतरराष्ट्रीय प्रवासाच्या इंधनासाठी. २०१५च्या पॅरिस कराराने लष्करी उत्सर्जन वगळलेले नाही. पण त्याची स्वतंत्र नोंद देण्याची सक्तीही केलेली नाही. त्यामुळे अनेक देशांचे आकडे अपुरे राहतात. २०२२मध्ये ब्रिटनमधल्या अभ्यासकांनी जगभरच्या सैन्यांचा वाटा एकूण उत्सर्जनाच्या सुमारे ५.५ टक्के असल्याचे सांगितले. पुरवठा साखळीही त्यात धरलेली आहे, आणि पूर्ण नोंदींअभावी तो अंदाजच आहे.

हरित इंधनाने हा प्रश्न लवकर सुटेल, ही आशाही तपासून पाहावी लागते. भारतीय हवाई दलाने डिसेंबर २०१८मध्ये जट्रोफापासून बनवलेले इंधन मिसळून एएन-३२ विमान उडवले. हा प्रयोग महत्त्वाचाच होता. पण मिश्रणातले जैवइंधन १० टक्के होते. लढाऊ विमाने आणि रणगाडे यांना पुरेल एवढे पर्यायी इंधन अजून तयार होत नाही. त्यामुळे तूर्तास कपात शक्य आहे ती छावण्यांची वीज, इमारती आणि साधी वाहने यांत.