थर्मलचे ढग, वैजनाथाचं अमृत

लहानपणी परळीतल्या दोन गोष्टी आम्हाला सारख्याच दैवी वाटायच्या: वैजनाथ आणि थर्मल, म्हणजे औष्णिक वीज केंद्र. मामा थर्मलमध्ये कामाला, त्यामुळं उन्हाळ्याची सुट्टी परळीतच. परभणीकडून येणाऱ्या गाडीतून चिमण्या दिसायला लागल्या की, पावसाचे ढग इथंच तयार होतात, हे मी धाकट्या भावंडांना पटवून द्यायचो. मराठवाड्यात पाऊस नसला तर नसो, ढगांचा कारखाना तरी आपला आहे!

देवस्थानाचा इतिहास वाचकांना ठाऊकच आहे. बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक, त्या मानावरून झारखंडातल्या देवघरशी जुना वाद, अहिल्याबाई होळकरांनी अठराव्या शतकात केलेला जीर्णोद्धार, टेकडी, दगडी पायऱ्या. आमची परळी मात्र आजीच्या गोष्टीतली. समुद्रमंथनानंतर विष्णूनं अमृत आणि धन्वंतरी या पिंडीत लपवले. दैत्यांनी हात घातला तेव्हा ज्वाळा उसळल्या. भक्तांनी हात लावला तेव्हा अमृत पाझरलं. म्हणून इथं पिंडीला हात लावून दर्शन घ्यायची रीत, आणि तिथंच आमची पंचाईत. आदल्या दिवशी मामीच्या डब्यातले लाडू लंपास केलेले असायचे. एक बोट कसंबसं टेकवायचं, पिंड गार लागली की सुटलो. तो गारवा म्हणजेच अमृत, असा सरळ हिशेब.

परवा बऱ्याच वर्षांनी गेलो. हात टेकतो न टेकतो तोच मागून ‘चला, पुढं चला’. पिंड गारच होती. भीती तेवढी वाटली नाही, आणि त्यामुळंच चुकल्या-चुकल्यासारखं झालं.

पायऱ्यांशी एक मावशी बेल-तुळस घेऊन बसल्या होत्या. परळी हरिहराचं ठिकाण, वैजनाथाला इथं तुळसही चालते. मावशी ओल्या फडक्यानं एकेक पान पुसत होत्या. फडकं करडं झालेलं.

‘‘राख का, मावशी?’’

‘‘राखच की. सकाळी पुसलं की दुपारी पुन्हा तेच. पण थर्मल बंद होतं तवा गिऱ्हाईकच नव्हतं. कुणाला नावं ठेवावी?’’

2013च्या दुष्काळात गोदावरीवरच्या खडका बंधाऱ्यात पाणी उरलं नाही आणि अख्खं केंद्र बंद ठेवावं लागलं, तेव्हाची ही गोष्ट. 1971मध्ये सुरू झालेले जुने संच केव्हाच मोडीत निघाले. आता 250 मेगावॅटचे तीन आहेत. चिमण्यांतून निघतो तो ढग नव्हे, हे कळायला शाळेतलं भूगोलाचं पुस्तक पुरलं होतं. पण परळीचं नाव राखेच्या वाहतुकीवरून आणि गुंडगिरीवरून पेपरात वाचायची वेळ येईल, असं मामाच्या गच्चीवर झोपताना कुणाला वाटलं होतं? तीर्थक्षेत्राच्या विकास आराखड्यांबद्दल पुष्कळ ऐकतो. त्यात राखेचे ट्रक नीट झाकून नेण्याचंही कुणी मनावर घेतलं तर देवळाच्या नव्या फरशीला अर्थ आहे.

जायचं असेल तर श्रावणातले सोमवार आणि महाशिवरात्र टाळून जा. पंचवीसेक किलोमीटरवर अंबाजोगाई आहे. वैजनाथाशी ठरलेलं योगेश्वरीचं लग्न मुहूर्त टळल्यानं मोडलं आणि वऱ्हाड तिथंच दगड झालं, असं सांगतात. हत्तीखान्याच्या लेण्यांत त्यातले दगडी हत्ती अजून उभे आहेत, तेही बघा. वाटेत पुढं राखेचा ट्रक लागला तर गाडीच्या काचा आधी वर घ्या.