पर्वतीय शिकारीचा लक्ष्यदर्शक

रायफलीवर बसवून नेम धरण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या लहान दूरदर्शकास लक्ष्यदर्शक म्हणतात [→ दूरदर्शक]. मैदानी प्रदेशात मचाणावरून वा वाहनाच्या आधाराने शिकार करणाऱ्यास त्याच्या वजनाचा फारसा विचार करावा लागत नाही. उंच पर्वतांतील शिकार मात्र पायी करावी लागते. त्यात दिवसाकाठी हजार ते दीड हजार मी. चढ चढावा लागतो आणि रायफल, अन्न, निवाऱ्याचे साहित्य व परतीच्या वेळी मांस ही सर्व ओझी अंगावरच वाहावी लागतात. त्यामुळे अशा शिकारीसाठी वजनाने हलका, पण थंडी, पाऊस व आघात यांना टिकणारा लक्ष्यदर्शक निवडणे हा स्वतंत्र विचाराचा विषय झाला आहे. या निवडीत चूक झाली, तर तिचे परिणाम मुख्यतः प्राण्याला भोगावे लागतात. नेम थोडा चुकून जखमी झालेला प्राणी कड्याखाली किंवा दुर्गम घळीत जातो व तेथे त्याचा शोध घेणे बहुधा अशक्य असते.

यूरोपातील आल्प्स, उत्तर अमेरिकेतील रॉकी व न्यूझीलंडमधील दक्षिण आल्प्स या पर्वतांत अशी शिकार चालते. न्यूझीलंडमध्ये वटवाघळांखेरीज मूळचे भूचर सस्तन प्राणी नव्हते. तेथे हिमालयी ताहर १९०४ मध्ये व शॅमॉय १९०७ मध्ये मौंट कुकच्या परिसरात सोडण्यात आले. नैसर्गिक शत्रूंच्या अभावी त्यांची संख्या वाढून पर्वतीय वनस्पतींची हानी होऊ लागली. म्हणून १९९३ च्या नियंत्रण योजनेत ताहरांच्या संख्येची कमाल मर्यादा १०,००० ठरविण्यात आली आणि शिकार हे नियंत्रणाचे एक साधन मानले गेले. याच ताहराला त्याच्या मूळ भूमीत, म्हणजे भारतीय हिमालयात, संरक्षण आहे. भारतात वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये वन्य प्राण्यांच्या शिकारीस बंदी असून मानवी जीवितास धोका यांसारख्या अपवादात्मक प्रसंगीच अधिकृत परवानगीने प्राणी मारता येतो.

इतिहास : नळीच्या टोकाची माशी व मागील खाच एका रेषेत आणून लक्ष्यावर धरणे ही नेमाची जुनी पद्धत होय. तीत डोळ्याला खाच, माशी व लक्ष्य अशा तीन वेगवेगळ्या अंतरांवरील वस्तू एकाच वेळी स्पष्ट पाहाव्या लागतात व हे डोळ्याला शक्य नसते. दूरदर्शकात छेदतारा व लक्ष्याची प्रतिमा एकाच प्रतलात दिसतात, हा त्याचा मुख्य लाभ असून विशालन हा दुसरा लाभ आहे. अमेरिकेतील यूटिका येथील बंदूक कारागीर मॉर्गन जेम्स यांनी १८३५ ते १८४० या काळात बनविलेल्या लक्ष्यदर्शकांची माहिती जॉन आर्. चॅपमन या स्थापत्य अभियंत्यांनी ग्रंथरूपाने नोंदविली. १८५५ मध्ये सिरॅक्यूस येथील विल्यम मॅल्कम यांनी अवर्णक भिंगे वापरून लक्ष्यदर्शक तयार करण्यास सुरुवात केली. हे दर्शक रायफलीच्या नळीइतके लांब व नाजूक असत. १८८० मध्ये ऑस्ट्रियातील आउगुस्ट फीडलर या वनाधिकाऱ्यांनी शिकारीस उपयुक्त असा आटोपशीर दर्शक बनविला. १९३५ मध्ये झाइस कंपनीतील आलेक्सांडर स्माकुला यांनी भिंगांवर परावर्तनरोधी लेप देण्याची रीत शोधली. दुसऱ्या महायुद्धानंतर दर्शकाच्या नळीत कोरडा नायट्रोजन भरून ती हवाबंद करण्याची पद्धत रूढ झाली व आतील भिंगांवर धुके जमण्याचा दोष दूर झाला. पर्वतीय शिकारीच्या दृष्टीने शेवटच्या दोन सुधारणा सर्वांत महत्त्वाच्या ठरल्या.

रचना : पुढील वस्तुभिंगामुळे लक्ष्याची उलटी प्रतिमा पहिल्या केंद्रीय प्रतलात पडते. मधल्या नळीतील भिंगसंच ती सुलट करून दुसऱ्या केंद्रीय प्रतलात आणतो व तेथून नेत्रभिंगाद्वारे ती मोठी दिसते. भिंगसंचातील भिंगे पुढेमागे सरकवून विशालन बदलता येते. परस्परांना काटकोनात छेदणाऱ्या छेदतारा पहिल्या किंवा दुसऱ्या प्रतलात बसवितात. पहिल्या प्रतलातील तारा विशालनाबरोबर जाड दिसतात, परंतु त्यांवरील खुणांचे कोनीय मूल्य सर्व विशालनांना सारखे राहते. दुसऱ्या प्रतलातील तारांची जाडी बदलत नाही, मात्र खुणांचे मूल्य एकाच ठराविक विशालनाला बरोबर असते. मध्यम अंतरावरील शिकारीस दुसऱ्या प्रतलातील साध्या, कडेला जाड व मध्याशी बारीक होणाऱ्या तारा पुरेशा होतात. पहाटेच्या मंद प्रकाशातही त्यांचा जाड भाग दिसत राहतो.

वजन : सामान्यतः २.५ पट स्थिर विशालनाच्या व २० मिमी. वस्तुभिंगाच्या अतिशय हलक्या दर्शकाचे वजन सु. १८५ ते २०० ग्रॅ. असते. ६ पट स्थिर विशालन व ३६ ते ४२ मिमी. वस्तुभिंग असणारा दर्शक सु. २८० ते ३६० ग्रॅ. भरतो. ३ ते ९ पट बदलते विशालन आणि ३६ ते ४० मिमी. वस्तुभिंग यांचा दर्शक सु. ३२० ते ४५० ग्रॅ. असतो. ३० मिमी. जाडीची नळी, १५–१६ पटींपर्यंत विशालन व बाजूस पराशय दूर करणारी गुंडी असली, तर हे वजन ५५० ते ७०० ग्रॅ. होते. २५ पट विशालनाचे व ५६ मिमी. वस्तुभिंगाचे लांब पल्ल्याचे दर्शक १ किग्रॅ.च्या आसपास असतात. यांत दर्शक रायफलीला जोडणाऱ्या कड्यांचे व बैठकीचे वजन धरलेले नाही. ते मिश्रधातूनुसार ५० ते २०० ग्रॅ. पर्यंत असू शकते, म्हणून हलका दर्शक जड पोलादी कड्यांत बसविल्यास बचतीचा बराच भाग वाया जातो.

केवळ ऊर्जेच्या हिशेबाने पाहता ३०० ग्रॅ. वजन १,५०० मी. उंच चढविण्यास सु. ४,४०० जूल म्हणजे जेमतेम एक किलोकॅलरी इतके कार्य करावे लागते. स्नायूंची कार्यक्षमता ध्यानात घेतली, तरी हा खर्च चार-पाच किलोकॅलरींच्या पुढे जात नाही. तेव्हा हलकेपणाचे खरे महत्त्व दुसरीकडे आहे. दर्शक रायफलीच्या नळीवर उंच बसत असल्याने त्याचे वजन रायफलीचा गुरुत्वमध्य वर नेते. जड दर्शकाची हलकी रायफल खांद्यावर कलंडते, हातात वळते व घाईने नेम धरताना स्थिर राहत नाही. शिवाय प्रत्याघाताच्या वेळी दर्शकाचे जडत्व कड्यांवर व स्क्रूंवर ताण आणते. दर्शक जितका हलका, तितका हा ताण कमी व जागेवरून सरकण्याची भीती कमी.

विशालन व दृष्टिक्षेत्र : विशालन वाढले की दृष्टिक्षेत्र आकुंचित होते. १०० मी. अंतरावर ३ पटींना सु. ११ ते १२ मी. रुंदीचा प्रदेश दिसतो, तर १० पटींना ४ मी.हून कमी. चढणीने धाप लागलेल्या माणसाच्या हाताचा कंपही विशालनाबरोबर मोठा दिसतो. धुक्यातून अचानक जवळ आलेला किंवा पहिल्या गोळीनंतर हललेला प्राणी पुन्हा दृष्टीत आणण्यासाठी रुंद क्षेत्र आवश्यक असते. या सर्व कारणांनी २.५ ते ८ किंवा ३ ते ९ पट विशालनाचा दर्शक ३०० मी.पर्यंतच्या शिकारीस सोयीचा मानतात. ६ पटींचा स्थिर दर्शकही अनेक शिकारी पसंत करतात, कारण त्यात सरकते भाग कमी असतात.

प्रकाश : वस्तुभिंगाच्या व्यासाला विशालनाने भागले असता नेत्रभिंगातून बाहेर पडणाऱ्या प्रकाशशलाकेचा व्यास मिळतो. त्यास निर्गमन छिद्र म्हणतात. ३६ मिमी. भिंग व ६ पट विशालन असता ते ६ मिमी. येते. मंद प्रकाशात माणसाची बाहुली सु. ५ ते ७ मिमी.पर्यंत उघडते व वयाबरोबर हे मान कमी होते. बाहुलीपेक्षा मोठ्या शलाकेतील जादा प्रकाश डोळ्यात शिरत नाही. म्हणून मध्यम विशालनासाठी ५० वा ५६ मिमी.चे जड वस्तुभिंग घेण्यात विशेष लाभ नाही. त्यामुळे दर्शक उंच बसवावा लागतो व दस्त्यावर गाल नीट टेकत नाही. प्रकाश कमी झाल्यास विशालन कमी करणे हा साधा उपाय होय. लेपरहित काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावर सु. ४ टक्के प्रकाश परावर्तित होतो. सोळा पृष्ठभाग असल्यास जवळजवळ निम्मा प्रकाश असा वाया जाईल. बहुस्तरीय लेपामुळे चांगल्या दर्शकातून सु. ९० टक्के प्रकाश पार जातो. तेव्हा मोठ्या भिंगापेक्षा उत्तम लेपाच्या मध्यम भिंगावर खर्च करणे श्रेयस्कर ठरते. ३० मिमी.ची नळी २५.४ मिमी.च्या नळीपेक्षा अधिक प्रकाश देते, ही समजूत चुकीची आहे. तिचा उपयोग मुख्यतः समायोजनाची मर्यादा वाढविण्यास होतो.

नेत्रांतर : संपूर्ण दृष्टिक्षेत्र दिसण्यासाठी डोळा नेत्रभिंगापासून ज्या अंतरावर ठेवावा लागतो, त्यास नेत्रांतर म्हणतात. ते सु. ९० मिमी. किंवा अधिक असावे. तेच काडतूस वापरले असता रायफल जितकी हलकी, तितकी प्रत्याघाताची ऊर्जा अधिक असते. त्यात तीव्र चढाच्या दिशेने, आडवे पडून गोळी झाडताना डोके नकळत पुढे जाते व नेत्रभिंगाची कडा भुवईवर आदळून जखम होते. विशालन वाढविल्यावर नेत्रांतर घटणारे दर्शक या दृष्टीने गैरसोयीचे असतात.

पराशय व समायोजन : लक्ष्याची प्रतिमा छेदतारांच्या प्रतलात नेमकी पडली नाही, तर डोळा हलविताच तारा लक्ष्यावर सरकल्यासारख्या दिसतात. १०० मी. अंतरासाठी पराशयमुक्त केलेल्या ३६ मिमी.च्या दर्शकात ३०० मी.वर यामुळे होणारी कमाल चूक सु. ३.६ सेंमी. असते व डोळा मध्यभागी ठेवल्यास ती नगण्य होते. त्यामुळे अशा पल्ल्यापर्यंत पराशयासाठी वेगळ्या गुंडीचा भार वाहण्याचे कारण नाही. नेम खालीवर व बाजूला सरकविणाऱ्या गुंड्यांच्या एका टिचकीने १०० मी.वर सु. ७ मिमी. किंवा १० मिमी. फरक पडतो. झुडपांत व पाठपिशवीवर घासून त्या फिरू नयेत म्हणून त्यांवर टोपणे असावीत.

उतारावरील नेम : गुरुत्वाकर्षणाचा परिणाम गोळीने कापलेल्या आडव्या अंतरावर अवलंबून असतो. ३०० मी. तिरक्या अंतरावरील प्राणी ३०° चढावर वा उतारावर असल्यास नेम सु. २६० मी.चा व ४०° असल्यास सु. २३० मी.चा धरावा लागतो. हे न जाणता पूर्ण अंतराचा नेम धरणाऱ्याची गोळी, चढ असो वा उतार, वरूनच जाते. प्रचलित ७ मिमी. काडतुसाची रायफल २०० मी.वर नेमाला लावली असता ३०० मी.वर गोळी सु. २० सेंमी. खाली लागते. शॅमॉयच्या छातीतील मर्मभाग सु. १५ सेंमी. व्यासाचा असतो, हे लक्षात घेता ही घट उपेक्षणीय नाही. ३,००० मी. उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या सु. तीन-चतुर्थांश असते. त्यामुळे गोळीला रोध कमी होऊन ती किंचित वर लागते, तर कडक थंडीत दारूचा वेग घटल्याने ती किंचित खाली लागते. दर्शकावरील अनेक खुणांच्या तारा हे प्रश्न आपोआप सोडवीत नाहीत. स्वतःच्या रायफलीने प्रत्यक्ष निरनिराळ्या अंतरांवर गोळ्या झाडून त्या खुणांचे मूल्य पडताळावे लागते.

टिकाऊपणा व वापर : दर्शकाची नळी बहुधा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या एकाच दांड्यातून कातून काढतात. सांधे रबरी कड्यांनी बंद करून आत नायट्रोजन किंवा आर्गॉन वायू भरतात. आतील धुके यामुळे टळते, पण बाहेरच्या भिंगांवर श्वासाची वाफ व दव जमतेच. म्हणून झाकणे व मऊ कापड जवळ बाळगतात आणि रायफल उबदार खोलीतून वारंवार आतबाहेर नेत नाहीत. विजेवर उजळणाऱ्या छेदतारांचे घट थंडीत लवकर क्षीण होतात. उजेड नसतानाही तारा वापरता येतील, असाच दर्शक घ्यावा. प्रवासानंतर व रायफल पडल्यास शिकारीस निघण्यापूर्वी नेम पुन्हा तपासणे आवश्यक असते. अतिशय हलक्या दर्शकात नळीची जाडी वा अंतर्गत स्प्रिंगांची मजबुती कमी केलेली असू शकते व असा दर्शक आघाताने नेम सोडतो. हलकेपणाची मर्यादा येथे येते. नेम न टिकविणारा दर्शक कितीही हलका असला, तरी निरुपयोगी होय.

लक्ष्यदर्शकाचा उपयोग प्राणी शोधण्यासाठी कधीही करू नये. ज्या वस्तूकडे दर्शकातून पाहावे, तिच्यावर रायफलही रोखली जाते आणि दूरच्या उतारावरची हालचाल दुसऱ्या माणसाची असू शकते. शोधाचे काम द्विनेत्री दूरदर्शकाने करावयाचे असते. सोबत तो असल्यामुळेच लक्ष्यदर्शकाचे विशालन मर्यादित ठेवणे शक्य होते. अंतर, वारा किंवा पायाखालची जागा यांबद्दल शंका असेल, तर अधिक शक्तीच्या दर्शकावर विसंबून गोळी झाडण्यापेक्षा प्राण्याच्या आणखी जवळ जाणे किंवा तो सोडून देणे हाच पर्वतीय शिकारीत योग्य मार्ग मानला जातो.